फुकटाचा गिअरबॉक्स

"गाडी झाली की अकोल्याले येतो, मंग बसून बोलू," हे एक वाक्य देवमनने तीन महिने चालवलं. गाडी दारात उभी होती, वाक्य मात्र चांगलं पळत होतं.

गाडी म्हणजे सत्त्याण्णव सालची पांढरी डिझेल मोटार, आठ माणसं बसणारी. इंजिन अजून ठणठणीत, पण संक्रांतीच्या सुमारास गिअरबॉक्स बसला. दुसरा गिअर पडायचा नाही, तिसरा पडला तर टिकायचा नाही, आणि चौथ्यात टाकली की आत कोणी भांडी घासतंय असा आवाज यायचा. अमरावतीतल्याच गजेंद्र मिस्त्रीने तो उतरवून उघडला आणि सांगितलं, "भाऊ, याच्यात जीव नाही राह्यला. पार्ट भेटत नाहीत आता. याच्यासारखा दुसरा पाहा कुठी." हे ऐकून देवमनला वाईट वाटायला हवं होतं. त्याला जरा हलकंच वाटलं.

कारण अकोल्यात, जठारपेठेत, भगवंतराव नावाचे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यांचा मुलगा स्वप्निल आणि देवमनची दीपमाला यांनी आपापसात लग्न ठरवूनच टाकलं होतं. ती चांदूर बाजारला शाळेत शिकवायची, तो अकोल्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता. बापाचा होकार तेवढा यायचा होता. देवमनने रीतसर चौकशी केली. दारू नाही, तंबाखू नाही, कर्ज नाही, भाऊबंदकीची केस नाही. इथेच तो बिचकला. त्याची सगळी नोकरी एसटीच्या भांडारात गेली होती. नट आला तरी तो उजेडात धरून पाहायचा. आणि ज्या मालात काहीच खोट सापडत नाही, तो माल त्याने आल्या दिवशी कधीच ताब्यात घेतला नव्हता.

"बाबा, नाही म्हणायचं असन तर नाही म्हणा," दीपमाला एकदा म्हणाली. "गिअरबॉक्सले मधात काहून आणता?"

"मी कुठी आणला? तो आपोआप आला."

मग एका संध्याकाळी भगवंतरावांचा फोन आला. "जय भीम, देवमनजी. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स आपल्या घरातच निघाला. आमच्या मोठ्या भावाच्या, दादाच्या गाडीतला. शेडमधी पडून होता. रविवारी सबन जण या अन् घेऊन जा."

"किती म्हणता?"

"किती काय? घरचा हाये. इवायाकडून पैसे घेऊ का आता?"

देवमनने फोन ठेवला, आणि दोन गोष्टी त्याला खटकल्या. एक म्हणजे 'इवाई'. अजून त्याने होकार दिला नव्हता, तर हा माणूस व्याही कसा झाला? दुसरी म्हणजे फुकट.

"फुकट काहून देऊन राहिला तो?" त्याने बायकोला विचारलं.

दुर्गाबाई गवार मोडत होती. "देऊ द्या नं. त्यायच्या घरी पडून हाये."

"पडून असलेल्या लोखंडाचीबी लोकं किंमत सांगतात. जो सांगत नाही, तो मागून सांगते."

"तुमाले कोणी पाणी देल्लं तरी तुमी पेल्याच्या बुडाले पाहता."

"पाहतोच. पाहावं लागते."

दीपमाला दारात उभी राहून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "रविवारी मीबी येते. तिथंच सांगा, हो का नाही. आता गाडीचं निमित्त राह्यलं नाही. अन् नाही म्हणाल तर मी त्यायले आणखी थांबवणार नाही. सांगून देईन की दुसरीकडे पाहा."

पोरीने हे रागात म्हटलं असतं तर देवमनला सोपं गेलं असतं. ती रागात नव्हती.

रविवारी दुर्गाबाईने नवं लुगडं नेसून पेढ्यांचा डबा घेतला. देवमनने कापडी पिशवी भरली. तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपल्या गाडीची जुनी क्लच प्लेट, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या इंजिनाच्या तोंडावर धरून भोकं पाडून घेतलेला पुठ्ठा, खडू आणि जुन्या रेडिओतून काढलेलं लोहचुंबक.

"लोकं पोराच्या घरी जातानी असं घेऊन जातात का?" दुर्गाबाई म्हणाली.

"पेढे तुह्याजवळ हायेत नं? झालं मंग."

बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती पिशवी त्याच्या मांडीवरच होती. क्लच प्लेट तशी जड असते.

जठारपेठेतल्या गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. भगवंतराव फाटकातच उभे होते, इस्त्रीचा सदरा, आणि चेहऱ्यावर असं हसू की देवमनने लगेच मनात खूण करून ठेवली. एवढं हसायला काय झालं? स्वप्निलने वाकून नमस्कार केला. पोहे आले. कूलर लावला गेला.

"आधी च्या घेऊ," भगवंतराव म्हणाले.

"आधी गिअरबॉक्स पाहू," देवमन म्हणाला.

मागच्या टिनाच्या शेडमध्ये नवरदेव पाटावर बसवावा तसा गिअरबॉक्स पोत्यावर मधोमध बसवलेला होता. कोपऱ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग, मोडकी खाट, आणि ढिगाखाली पोत्याने झाकलेलं आणखी काहीतरी लोखंडी. देवमनने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"कधीपासून पडून हाये हा?"

"झाले असतील दहा-बारा वर्षं."

"अन् इतक्या वर्षांत याच्यावर चिमणी नाही बसली?"

"पोट्ट्यानं पुसून घेतला," भगवंतराव म्हणाले. लोखंडाला रॉकेलचा वास येत होता. पुसला असेल. पण पुसला तर पुसला, नटांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे कशाला हवेत?

"चार गिअरचाच नं?"

"चारच. तुमच्यासारखाच. दादाची गाडी तुमच्याच सालची होती." उत्तर जरा लवकर आलं. तयार ठेवलेलं उत्तर असंच येतं.

देवमन उकिडवा बसला. पिशवीतून क्लच प्लेट निघाली तेव्हा भगवंतरावांच्या बायकोने दारातून पाहिलं आणि दुर्गाबाईने मान खाली घातली. त्याने प्लेट पुढच्या शाफ्टवर सरकवली. खाचेत खाच बसली. मग गिअरबॉक्सच्या तोंडावर पुठ्ठा धरला. भोकाला भोक जुळलं, एकही इकडे-तिकडे नाही. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. देवमनच्या मनात आलं, या कंपनीचे तीन तऱ्हेच्या तोंडांचे गिअरबॉक्स त्याने स्वतः पाहिले होते, आणि आपल्या गाडीचं माप आपण कोणालाच दिलेलं नाही. मग यांच्या घरात नेमका आपल्याच तोंडाचा कसा पडून होता?

त्याने वरचा बोल्ट काढून आतल्या तेलात चुंबक फिरवलं. जुन्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा चुरा असतोच, माणसाच्या केसात कोंडा असावा तसा. काही विकणारे आवाज दबावा म्हणून तेलात लाकडाचा भुसा घालतात, तेही तो हुंगून पाहत होता. भुसा नव्हता. चुंबक बाहेर आलं ते धुतल्यासारखं स्वच्छ.

"दादा गाडी चालवत होते का नुसते पाहत होते?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

मग त्याने खडू काढला. पुढच्या शाफ्टवर एक रेघ, मागच्यावर एक रेघ. "स्वप्निल, तुमी पुढून फिरवा. एकच फेरा, हळू. मी मागं पाहतो."

गिअरच्या दांड्यावर गोळा नव्हता, त्यामुळे आकडे कुठेच लिहिलेले नव्हते. पहिल्यात पुढे एक फेरा दिला की मागची रेघ जेमतेम पाव सरकायची. दुसऱ्यात थोडी जास्त. चौथ्यात पुढे एक, मागे एक, दोन्ही रेघा बरोबर जागेवर. देवमनने दांडा आणखी उजवीकडे ढकलला, वर नेला. तिथे आणखी एक घर होतं. दांडा टक् करून बसला. स्वप्निलचे कान लाल झाले.

"फिरवा."

त्याने फिरवलं. मागची रेघ आपली जागा ओलांडून पुढे गेली.

"काय दिसलं तुमाले?" देवमनने विचारलं.

"एकच फेरा झाला असन," भगवंतराव पाठीमागून घाईने म्हणाले.

स्वप्निलने बापाकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. "एकापेक्षा जास्त झाला. हा पाचवा गिअर हाये."

देवमन गुडघ्यावर हात टेकून उठला. "भगवंतराव, आमच्या सालच्या गाडीले चारच गिअर यायचे. पाचवाला मागून आला, नव्या गाडीले. मंग दादाच्या गाडीत हा कुठून आला?"

"कंपनीनं बदलून देल्ला असन."

"कोणती कंपनी बदलून देते?"

"दादाची ओळख होती."

"मंग दादालेच विचारू."

"दादा वारले नं."

"कधी?"

"मॉडेल बदललं त्याच्या आधी," भगवंतराव म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

देवमनच्या डोक्यात भराभर आकडे पडत होते. चोरीचा माल असेल. उद्या पोलीस आले तर गाडी आपल्या दारात. लोखंडाच्या एका तुकड्यापायी जो माणूस चार वेळा खोटं बोलतो, त्याच्या घरात पोरीला आणखी काय काय ऐकावं लागेल? 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात येऊन बसला होता. दीपमाला दाराशी उभी होती आणि तिलाही तो दिसला असावा, कारण तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. निघायच्या वेळी करतात तसा.

देवमन कोपऱ्यात गेला आणि पऱ्हाटीखालचं पोतं त्याने ओढलं. खाली दुसरा गिअरबॉक्स होता. गंजलेला, झाकण फुटलेलं, आतून एक पाल निघून भिंतीवर गेली.

"हा काय हाये मंग?"

"दादाच्या, म्हणजे मोठ्या बाबाच्या गाडीतला तो हाये," स्वप्निल म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही आणि पाडलाही नाही. "खरंच चार गिअरचा. आमी उघडून पाह्यला तर अंदर पाणी गेलं होतं. दुसऱ्या गिअरचे दात झडले हायेत. म्हनून मी भंगार बाजारातून हा आणला. पावती हाये. मिस्त्रीकडून उघडून बेअरिंग नवे टाकले. पाचवाला याच्यासाठी घेतला की तोंड तेच हाये, अन् हायवेले इंजिन ओरडत नाही."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

"विकत आणला म्हटलं असतं तर तुमी घेतला असता का?" हे भगवंतराव म्हणाले.

शेडमधल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.

"अन् गाडी झाल्याबिगर तुमी येत नव्हते," भगवंतराव पुढे म्हणाले. "हे पोट्टे किती दिवस थांबतील?"

"तोंड तेच हाये हे तुमाले कसं समजलं?" देवमनने स्वप्निलला विचारलं. "माह्या गाडीचं माप कोणं देल्लं?"

स्वप्निल शाफ्टवरच्या खडूच्या रेघेकडे पाहू लागला. भगवंतराव टिनाकडे. दीपमालाने आईकडे पाहिलं, ते तिने करायला नको होतं.

"च्या थंडा होऊन राहिला," दुर्गाबाई म्हणाली.

देवमन उपड्या डब्यावर बसला. त्याला हिशेब केल्याशिवाय उठता येत नसे. एका बाजूला एक खोटं आणि त्याला लावलेली चार ठिगळं, सगळी हात लावताच निघालेली. दुसऱ्या बाजूला हा पोरगा. बापाने उत्तर आयतं तोंडात घातलं होतं, तरी जे दिसलं तेच बोलला. भांडारात देवमनने खोटं बोलणारे पुरवठादार पाहिले होते. ते डोळ्यात पाहून बोलायचे, शिक्का मारून द्यायचे, आणि त्यांची लबाडी दोन वर्षांनी तपासणीत निघायची, तोवर ते दुसऱ्या डेपोत पोचलेले असायचे. या माणसाचं खोटं चहापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

"भगवंतराव, तुमाले खोटं बोलता येत नाही."

"सवय नाही जी," भगवंतराव ओशाळून म्हणाले.

"दिसून राह्यलं." देवमनने हाताचा खडू पुसला. "मंग माह्याकडून हो समजा."

"समजा नाही, बाबा," दीपमाला दारातून म्हणाली. "म्हणा."

"हो म्हटलं नं."

भगवंतरावांनी त्याला 'इवाई' म्हणून मिठी मारली, तेव्हा त्याने दुरुस्ती केली नाही. पावती मात्र मागून घेतली, पुढून-मागून वाचली आणि खिशात घातली. बिलाचे पैसे सोमवारी पाठवतो, नाही घेतले तर गिअरबॉक्स परत, असंही बजावलं. मग म्हणाला, "एखादा टेम्पो बोलवा अन् पाचवाला त्यात टाका. अन् तोबी टाका."

"तो गंजका काहून?"

"दुसरा गेला हाये. पहिला, तिसरा कामी येईन. धर बापू, खालून धर, वरून निसटते."

स्वप्निलने खालून धरला.

परतीच्या बसमध्ये दीपमाला पुढच्या सीटवर फोनवर बोलत होती, हळू, तोंडावर हात ठेवून. देवमन खिडकीकडे बसला होता.

"माप तू देल्लं?" त्याने बायकोला विचारलं.

"फोटो पाठवला."

"कायचा?"

"आपल्या गिअरबॉक्सच्या तोंडाचा. गजेंद्रच्या दुकानात गेलती. त्यानं पुठ्ठा धरला, बाजूले टेप धरला, मी काढला."

देवमनने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. ही तीच बाई, जी फोन वाजला की ओल्या हाताने त्याच्याकडे घेऊन यायची आणि विचारायची, आता कुठी दाबू.

"तुले फोटो काढता येते?"

"येते थोडा."

"अन् पाठवताबी येते?"

दुर्गाबाई समोर पाहत होती. "खिडकी लावा जरा. धूळ येऊन राहिली."

"आणखी काय काय येते तुले?"

"लावा नं खिडकी."

त्याने खिडकी लावली. भगवंतरावांचं खोटं एक कप चहा निवेपर्यंत टिकलं नव्हतं, आणि बायकोचं हे इतकी वर्षं त्याच्याच घरात कसलाही आवाज न करता चाललं होतं. देवमनने डोळे मिटले आणि लग्नाच्या दिवसापासून एकेक गोष्ट पुन्हा तपासायला घेतली. बडनेरा आलं तरी तो पहिल्या पाच वर्षांपुढे सरकला नव्हता.