काटेरी लगाम

मी एक जुना काटेरी लगाम आहे. मित्रांनो, लगाम म्हटलं की तुम्हाला हातात धरायचे चामड्याचे पट्टे आठवतात. ते नव्हे. घोड्याच्या तोंडात, जिभेवर जो लोखंडी दांडा बसतो, तो मी. माझ्या अंगाला काटे आहेत आणि ते मी हौसेने वाढवलेले नाहीत. विंचूरला पुंजा नावाचा माणूस वरातीला घोडी पुरवायचा. त्याने लोहाराच्या डोक्यावर उभं राहून ते करून घेतले. "टोचलं पायजे, तरच घोडी नाचती," म्हणाला. मेला!

मग कितीतरी वर्षं मी बिजली नावाच्या पांढऱ्या घोडीच्या तोंडात काढली. बँड सुरू झाला की पुंजा मला हिसका द्यायचा. काटे रुतायचे आणि बिजली मागच्या पायांवर उभी राहायची. नवरदेव खूश, करवल्या खूश. "काय नाचते हो घोडी!" नाचतेय कसली? कळवळत होती बिचारी. एकाही शहाण्याने कधी तिचं तोंड उघडून पाहिलं नाही. तुमच्या त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

पुढे पुंजाने बिजलीला निफाडच्या पोलोवाल्यांना विकलं आणि सोबत मलाही देऊन टाकलं. पोलो म्हणजे घोड्यावर बसून लांब दांड्याने चेंडू मारायचा खेळ. द्राक्षबागायतदारांच्या पोरांनी हौसेने संघ काढला होता. महेश कप्तान. वेदिका संघातली एकटीच मुलगी, घरी भांडून खेळायला येणारी. बिजली तिच्या वाट्याला आली. सरावाला ती बिजलीला साधा, गुळगुळीत लगाम घालायची. घोडी थांबायला जरा वेळ लावायची, पण थांबायची.

पहिल्या सामन्याच्या सकाळी सगळे लगाम पोत्यावर मांडले होते. वेदिकाने गुळगुळीत उचलला. महेशने तो काढून घेतला आणि मला पुढे केलं.

"हा घाल. घोडी जागच्या जागी थांबली पायजे."

"दादा, काटे हायेत त्याला! जीभ फाटेल तिची."

"लय लाड नको. घालायचा नसंल तर बाहेर बस. मी खेळतो तिच्यावर."

वेदिकाचे डोळे भरून आले. वर्षभर ती याच सामन्यासाठी झटली होती. तरी तिने हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. माणसांवर माझा राग आहे, पण या पोरीला मी त्यातून वगळतो.

पाहुण्यांच्या स्वागताला महेशनेच बँड बोलावला होता. अक्कल बघा! बँड वाजायला लागला, बिजली चुळबुळली आणि तिला आवरायला महेशने मला करकचून ओढलं. वरतून बँड, तोंडात हिसका. घोडीने तेच केलं जे तिला आयुष्यभर शिकवलं होतं. ती उभी राहिली आणि महेश धपकन मातीत पडला. आणि लोक? लोकांनी शिट्ट्या मारल्या! "वन्स मोअर!" म्हणे. बिजलीच्या तोंडातून लाल फेस गळत होता.

वेदिका धावत आली. बिजली भीतीने तोंडच उघडेना. वेदिका तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, तेव्हा कुठे मी बाहेर निघालो. महेश लंगडत आला.

"मला काय बसवत नाय आता. घाल तुझा तो गुळगुळीत आणि खेळ बाई!"

जे हवं होतं ते आयतं समोर आलं होतं. वेदिकाने बिजलीची जीभ पाहिली.

"आज तिच्या तोंडात काहीच जाणार नाय," ती म्हणाली आणि तोंडाभोवतीच्या नुसत्या मोरखीला दोरी बांधून घोडीला मैदानाबाहेर घेऊन गेली. संघ हरला. दुसऱ्याच दिवशी वेदिकाला संघातून काढून टाकलं.

मला मात्र महेशने घासूनपुसून लख्ख केलं, तेल लावलं आणि खुंटीला टांगलं. परत कामाला येईल म्हणे! मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी बजावून सांगतो, मला जपू नका. मला गंजू द्या, पार माती होईपर्यंत.