साडेतीन तास मागचं घड्याळ

तिचे यजमान, घड्याळजी, वारले त्याला दीड महिना झाला होता. युरोपातल्या त्या जुन्या राजधानीची दोघांची तिकिटं कपाटात तशीच पडून होती.

"वहिनी, शुक्रवारी पाचच्या आत रद्द करून या. नंतर काही होत नाही," दिरांनी तीनदा बजावलं. "एकट्या तिकडे जाऊन काय करणार?"

"बरं," ती म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची.

सहलीची आखणी घड्याळजींनी दुकानातल्या चिठ्ठ्यांवर केली होती. दुरुस्तीच्या घड्याळांना दोऱ्याने बांधतात, त्या. दिवसाला एक, असा जुडगाच होता. 'दिवस पहिला. चौकातलं मोठं घड्याळ. ठोक्याला बाहुल्या बाहेर येतात. पाऊण तास आधी पोचणे.' 'दिवस दुसरा. जुना पूल. हिचे गुडघे. पुढे बाक आहे.'

स्वयंपाकघरातलं घड्याळही त्यांनी तिकडच्या वेळेला लावून ठेवलं होतं, साडेतीन तास मागे. "अंगाला आतापासून सवय लागू दे."

"अंगाला लागेल हो. कुकरला कोण समजावणार?" तेव्हा ती बोलायची.

शुक्रवारी ती जेवून आडवी झाली ती डोळाच लागला. उठून बघते तर बाहेरच्या खोलीत सव्वासात. ते किल्लीचं घड्याळ. दर रविवारी किल्ली देणारा हात राहिला नव्हता, तेव्हापासून ते सव्वासातवरच उभं होतं. स्वयंपाकघरात डोकावली. दोनला दहा कमी. वेळ आहे म्हणत तिने सावकाश केस विंचरले, तिकिटं पिशवीत टाकली, का कोण जाणे, चिठ्ठ्याही टाकल्या, आणि निघाली.

ट्रॅव्हल एजन्सीचं शटर अर्ध्यावर आलं होतं. आतली मुलगी वाकून बाहेर आली.

"अहो काकू, आत्ता? सहा वाजून गेले! पाचला सगळं बंद झालं. सकाळपासून वाट बघत होते मी तुमची."

"सहा?" तिने रस्त्याकडे पाहिलं. सावल्या पार समोरच्या भिंतीवर चढल्या होत्या. "तिकडे अडीच वाजलेत," ती म्हणाली.

मुलीने नुसतं कुलूप हातात धरून ठेवलं.

वाटेतच दिरांचा फोन आला. "झालं का काम?"

"नाही. उशीर झाला."

"कमाल करता, वहिनी! घड्याळजीच्या घरात उशीर? आता काय करायचं?"

तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

"आता जाईन."

"एकट्या?"

"त्यांनी सगळं लिहून ठेवलंय. बाक कुठे आहे तेसुद्धा."

दिरांनी एकदम 'बरं' म्हटलं.

घरी येऊन तिने खणातून किल्ली काढली. घड्याळजी चौदा वेढे द्यायचे. अकराव्यालाच तिचं मनगट भरून आलं. घड्याळ मात्र चालू झालं. काटे तिने फोन बघून लावले. विमान चुकू नये, तर इकडची वेळही घरात हवी.

स्वयंपाकघरातलं तिने होतं तसंच राहू दिलं.