मेसेज करिश्मासाठी होता

"खुशालभाऊ, तुमचा मेसेज आयकला," बार्शीटाकळीहून शेषरावाचा फोन होता, "पन त्यात शेवंतीचं काईच नाही."

"शेवंतीचं काहून राहीन? तो म्या पोरीले..."

पुढचं वाक्य खुशालरावांच्या तोंडातच राहिलं. अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या फुलांच्या दुकानात, गोणपाटावर झेंडू ओतता ओतता त्यांचे हात थांबले.

रोज पहाटे फुलवाल्या शेतकऱ्यांच्या गटावर ते बोलून निरोप पाठवत. आज कोणतं फूल हवं, कोणत्या जीपने टाकायचं, एवढंच. लिहायचा त्यांना आळस. गटात एकशे बेचाळीस जण होते, आणि आज त्या सगळ्यांना त्यांनी आपल्या अमेरिकेतल्या लेकीला पाठवायचा निरोप चुकून ऐकवला होता. दोन मिनिटं अकरा सेकंद.

शेजारी हार ओवत बसलेल्या त्यांच्या बायकोने, साधनाबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! आता पुऱ्या जिल्ह्याले मालूम."

"दोन जिल्ह्याले," खुशालराव पडेल आवाजात म्हणाले. "अकोल्याचेबी आहेत त्यात."

भांडणाचा नुसता वास आला तरी गल्ली बदलणारा हा माणूस. आयुष्यात कधी गिऱ्हाइकाशी आवाज चढवला नाही. त्यांच्या पोटी करिश्मा कशी निपजली, हे नातेवाइकांना पडलेलं कोडं होतं. सहा वर्षांपूर्वी ती न्यू जर्सीत नोकरीला गेली. तिथे आपल्याकडची, पाकिस्तानची, नेपाळची, बांगलादेशची काही पोरंपोरी एकत्र येऊन आपल्याच लोकांच्या घरांत आणि हॉटेलांत राबणाऱ्यांसाठी भांडायची. ही त्यात शिरली. नोकरी सांभाळून जगाची उठाठेव, असं खुशालराव म्हणत. अर्थात, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

यंदा तिथल्या एका मराठी घरी गणपतीच्या जेवणाला गेली असताना स्वयंपाकघरातून तिला ऐकू आलं, "ताई, मले घरी जाऊ द्या ना." वऱ्हाडी बोलणं ऐकून ही आत गेली. भांडी घासणाऱ्या बाईचं नाव जयवंता, गाव बार्शीटाकळी. मालकाने तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला होता आणि फोनही काढून घेतला होता. करिश्मा आणि तिचे सोबती चार रविवार त्या घरासमोर फलक धरून उभे राहिले. त्याचा व्हिडिओ फिरला, आणि फिरत फिरत अमरावतीला देवानंदशेठच्या फोनवर येऊन बसला. तो मालक म्हणजे देवानंदशेठचा सख्खा भाऊ. आणि देवानंदशेठच्या मंगल कार्यालयातल्या फुलांचं सगळं काम अकरा वर्षं खुशालरावांकडे.

काल शेठ स्वतः दुकानात आले. चिडले नाहीत. हसूनच म्हणाले, "खुशालराव, घरातली गोष्ट रस्त्यावर कशाला? उद्या दुपारपर्यंत व्हिडिओ उतरवायला सांगा. नाही तर भाऊ तिच्या कंपनीत तक्रार करणार. नोकरी गेली की व्हिसा गेला. बापाला समजायला पाहिजे ना?"

बापाला समजलं होतं. डोळ्याला डोळा न लागता ते पहाटे उठले आणि फोन तोंडाशी धरून बोलले, "करिश्मा, तो व्हिडिओ काढून टाक. हात जोडतो तुले. नोकरी गेली त काय करशीन? लोकाईच्या भानगडीत आपन काहून पडाव?" असं बरंच काही. मग मध्ये नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. आणि मग, "पन त्या बार्शीटाकळीच्या जयवंताचा पासपोर्ट भेटला काय? तिच्या मायले काई मालूम तरी आहे काय? ते पहिले सांगजो."

शेषराव फोनवर होताच. "भाऊ, तिची माय माह्याच वावरात शेवंती तोडते. माणिकबाई. सात महिने झाले, पोरीचा आवाज नाही आयकला तिनं. इचारलं का मालकाकडून निरोप येते, पोरगी मजेत आहे. तुमचा मेसेज आयकवला म्या तिले. हातातली टोपली तिथीसाच ठेवली आन फुलाच्या जीपमधे बसली. येऊन राहिली तुमच्याकडे."

खुशालराव घाबरले. एका अंगाला शेठ, दुसऱ्या अंगाला ही माय, आणि तिच्या पोरीचं पुढे काय झालं, ते तर आपल्याला ठाऊकच नाही. करिश्माला विचारावं, तर ती काय सांगेल याची धास्ती. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला.

नऊ वाजता जीप आली. फुलांच्या पोत्यांमधून माणिकबाई उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांना वावरातला चिखल तसाच वाळलेला.

"खुशालराव कोन?"

"मीच. बसा माय. पानी घ्या."

"पानी नोको. तुमची पोरगी माह्या पोरीले वयखते काय?"

आता फोन टाळायला जागाच नव्हती. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. करिश्माने लगेच उचलला.

"बाबा! मी फोन करनारच होती. पासपोर्ट भेटला! वकीलबाईले घेऊन गेलो, निमूट काढून देल्ला त्याईनं. जयवंता माह्या घरीच आहे. मंगळवारचं तिकीट आहे तिचं."

"आन तुही नोकरी?"

"तिले काय झालं?"

"देवानंदशेठ म्हनत होते, तक्रार..."

"ते त आठ दिवसाआधीच करून बसले, बाबा. ऑफिसनं इचारलं, म्या सगळे कागद दाखवले. काई नाही झालं."

खुशालरावांनी इतका मोठा श्वास सोडला की साधनाबाईंनी वळून पाहिलं. म्हणजे काल शेठ ज्याची भीती घालत होते, ते तेव्हाच होऊन, विरून गेलं होतं. त्यांना खूप हलकं वाटलं, आणि रात्रभर भ्यायल्याची थोडी लाजही वाटली.

"व्हिडिओ काढू काय, बाबा? आता काम त झालं."

तुळशीचं लग्न तोंडावर होतं. त्यानंतरच्या लग्नांच्या फुलांचं सगळं काम शेठच्या कार्यालयातलं. खुशालरावांनी माणिकबाईच्या पायांकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिले बोलाव. माय आली आहे तिची."

पडद्यावर जयवंता आली.  माणिकबाईने विचारलं, "जेवली काय वं?" आणि पोरीचा चेहरा कुरवाळायला दोन्ही हात काचेवरून फिरवले. कॉल बंद झाला.

"गेली!" माणिकबाई किंचाळली. "माह्या हातानं गेली!"

"कुठी नाही गेली माय, तुमचं बोट लागलं." खुशालरावांनी पुन्हा लावला. पुन्हा लेक दिसली, पुन्हा मायचे हात गेले, पुन्हा बंद.

तिसऱ्या वेळी त्यांनी फोन तिच्या हाती दिलाच नाही. दोन हात मागे सरकले आणि फोन उंच धरून उभे राहिले. माणिकबाईने लांबूनच लेकीवरून हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, रडायला लागल्या. मध्येच पडद्याच्या वरच्या कडेला देवानंदशेठचं नाव आलं. खुशालरावांनी ते अंगठ्याने बाजूला सारलं.

दुकानासमोर गिऱ्हाइकं साचली. "भाऊ, हार द्या ना," कुणीतरी म्हणालं.

"थांबा जरासे," खुशालराव म्हणाले, पहिल्यांदाच आवाज चढवून.

हात भरून आला, तेव्हा त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.