राष्ट्रीय वाघाची कॅसेट

मी बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा. नेकनूरच्या पलीकडच्या एका शाळेतला टेपरेकॉर्डर मी. बीडच्या बाजारात ढिगानं रंगीत टीव्ही आले, त्याच सुमारास मीही खोक्यात बसून शाळेत आलो. हेडमास्तर मोहनरावांनी मला पाहिलं, हार घातला आणि कपाटात कोंडलं. "पोरं मोडतील," एवढंच बोलले.

मला बाहेर काढलं शिवकन्याबाईंनी. तिसरीला राष्ट्रीय चिन्हं शिकवायची होती. "नुसतं पाठ करून काय उपयोग?" त्या पोरांना म्हणाल्या. "चित्रं तुमी काढा, आवाजबी तुमीच आणा. चित्र झाकायचं, आवाज ऐकायचा आणि ओळखायचं. हीच परीक्षा."

मग काय, मी गावभर हिंडलो! शेतात मोर ओरडला, तो टिपला. आंबा चोखल्याचा आवाज घेताना अर्धी पाटी आंबे संपले. कमळाला आवाज कुठला? अभिमन्यू ते तोडायला गेला आणि तळ्यात पडला. 'डुबुक! अगं आई गं!' तेच कमळ ठरलं.

अडला फक्त वाघ. दुपारच्या सुट्टीत रुचिका मला काखेत मारून ऑफिसात शिरली. मोहनराव खुर्चीत मान टाकून झोपलेले. पोरीनं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. मोहनराव आधीच त्यांच्या कानाला लागले, "हे खेळणं परत न्या साहेब. पोरं बिघडायलीत." बाईंचा चेहरा उतरला.

मोर जमला, आंबा जमला. कमळाला तर साहेबही हसले. मग मी गुरगुरलो. घर्रर्र... फुस्स... घर्रर्र!

"हा कोण, सांगा बरं?" साहेबांनी विचारलं.

सगळी पोरं मोहनरावांकडं बघू लागली. अभिमन्यू उठला. "साहेब, हे तर आपले..."

"वाघ!" मोहनराव ओरडले. "वाघच हाय साहेब, अस्सल! असलं यंत्र शाळेत पायजेच!"

साहेबांनी मिशीत हसत सही केली. मी शाळेतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोहनराव एकटेच वर्गात आले. त्यांना वाघ पुसायचा होता. पण गडबडीत त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, तेही घोरणं वाजून संपल्यावर.

आता माझा पट्टा सैल झालाय. मोर म्हशीसारखा रेकतो. बाबांनो, मला दुरुस्तीला न्या लवकर. नव्या तिसरीला वाघ नीट ऐकू यायला हवा, आणि वाघामागून येणारा तो वैतागलेला आवाजही: "पुसायचं कसं बे तुला?"