पाचपैकी पाच

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण एकाही पोराला अर्धा गुण फुकट दिला नाही. एका गुणासाठी सख्ख्या भाच्याला नापास केलेला माणूस! अण्णामास्तर म्हटलं की अजून लोक वचकतात. आणि नको तिथे मेला हात सैल सुटला.

दोन हजार आठची गोष्ट. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आमच्या स्वानंदीचं लग्न तिकडेच ठरलं आणि आम्हा दोघांनाही व्हिसा नाकारला. मी दोन दिवस जेवले नाही. मग होणाऱ्या जावयानेच तोड काढली. पुण्याची एक कंपनी इंटरनेटवरून लग्न थेट दाखवणार होती. घरात कॉम्प्युटर होता, ब्रॉडबँड होतं. लेकीचं लग्न निदान डोळ्यांनी दिसेल, एवढ्यावर मी पानावर बसले.

महिनाभर आधी त्या कंपनीची मुलगी आली, ओवी नावाची. इथल्या माणसांना चित्र कसं दिसतं, ते तिला मोजायचं होतं. आळीतली सोळा माणसं आमच्या घरी जमवली. ती कॉम्प्युटरवर दोन-दोन मिनिटांचं काहीबाही लावायची आणि दर वेळी कागदावर गुण मागायची, एक ते पाच.

"कमलाकाकू, खरे गुण द्या हं," तिने मला चारचारदा बजावलं. "चित्र अडकतंय असं दिसलं, तर रत्नागिरीसाठी हलकं चित्र पाठवता येतं. जरा धूसर असतं, पण थांबत नाही."

अडकतंय कसलं, हलतच नव्हतं! नाचणाऱ्या बाईचा पाय वर गेला तो वरच. आमचं कोकम सरबत पिऊन झालं, तरी बाई एका पायावर उभी. मी दोन गुण लिहिले. ह्यांनी शेजारून बघितलं.

"अगं, खोड ते."

"का म्हणून?"

"पोर रात्रभर एस्टीत हाडं खिळखिळी करून आलीय. असले गुण घेऊन साहेबापुढे गेली तर नोकरी राहील तिची? आपली स्वानंदीही तिकडे कुणापुढे असाच कागद धरत असेल."

ह्यांनी पाच लिहिले. मास्तरांनी पाच दिले म्हटल्यावर भागोजीने पाच, गोदाने पाच, सगळ्यांनीच पाच. भीड ही भिकेची बहीण, हे मला कळत होतं. तरी मी खोडलं.

ओवी कागद चाळून म्हणाली, "एवढं आवडलं सगळ्यांना?"

"उत्तम!" हे म्हणाले, आणि तिला कोकमाच्या आगळाची बाटली बांधून दिली.

पंधरा दिवसांनी कंपनीचं ईमेल आलं. रत्नागिरीचे प्रेक्षक पूर्ण समाधानी आहेत, तेव्हा तिथे हलक्या चित्राची गरज नाही. ते वाचूनही आमचे हे खूशच! "पोरीचं काम झालं," म्हणाले.

लग्न तिकडच्या सकाळी, आमच्या संध्याकाळी. मी शालू नेसले, ह्यांनी उपरणं घेतलं, सोळाही जणांना अक्षता वाटल्या. पिवळ्या साडीत स्वानंदी आली. अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझी पोर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिथेच थिजली. मधोमध ते गोल चक्र फिरत राहिलं. कुणी म्हणे बंद करून लावा, कुणी म्हणे हात नका लावू. ह्यांची अक्षतांची मूठ वरच्या वर.

चित्र हललं तेव्हा तिकडे पंगत बसली होती.

"घ्या! द्या अजून पाच!" मी सगळ्यांदेखत ओरडले. बत्तीस वर्षं ज्यांच्यापुढे कुणी ब्र काढला नाही, त्यांना मी बोलले. ह्यांनी मुठीतल्या अक्षता सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

तेवढ्यात फोन वाजला. स्वानंदीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अण्णा, दिसलं ना सगळं? हार घालताना मी कॅमेऱ्याकडे बघितलं. तुमच्याकडेच बघितलं."

ह्यांनी घसा खाकरला. "दिसलं तर! पाचपैकी पाच."

आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आई, अण्णा काय, काहीही म्हणतील. तू खरं सांग, कसं दिसलं?"

मला भडाभडा सांगायचं होतं. सोळा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान दिसलीस गो बाय," मी म्हटलं.