छपराबाहेरचा दगड

आर्मांदने पाट्या पुन्हा मोजल्या, या वेळी हात लावून. छपराखालच्या धुण्याच्या कुंडाभोवतीच्या नऊ दगडांपाशी भिंतीत नऊ निळ्या पाट्या बसवल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेका बाईचं नाव होतं. शेवटच्या पाटीखालचा चुना अजून ओला होता. तिने बोट भिंतीलाच पुसलं.

"छान दिसतात ना?" मागून गिस्लेन म्हणाली. व्हेर्नेज गावाच्या वारसा मंडळाची ती अध्यक्ष. पहिल्या पाटीवर तिच्या आजीचं नाव होतं.

"नऊच आहेत."

"दगडही नऊच आहेत, आर्मांदबाई."

"दहावा बाहेर आहे. माझ्या आईचा."

गिस्लेनने हातातली फाइल छातीशी धरली. "तो छपराबाहेर येतो हो. सरकारी यादीत नोंद आहे ती छपरापर्यंतचीच. माझ्या हातात असतं तर मी कशाला नाही म्हणाले असते?"

"वसंतात तू 'बघू' म्हणाली होतीस."

"बघितलं ना. बरं, रविवारी येताय ना? कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव छापलंय. इथे बसून धुणं धुतलेली गावात तुम्ही एकट्याच उरलात."

झऱ्याचं पाणी पहिल्या दगडापाशी कुंडात येतं, नवव्यापाशी बाहेर पडतं आणि उघड्यावरच्या एका चपट्या दगडावरून ओढ्याला मिळतं. आर्मांदची आई त्या चपट्या दगडावर बसे. बाळंतपणाची, दुखण्याची, मयताची कापडं गावात तीच धुवायची आणि ते पाणी दुसऱ्या कोणाच्या कपड्यांना लागता कामा नये, म्हणून तिची जागा सगळ्यांच्या खाली. नऊ घरांचा मळ वाहून आला की उरलेलं पाणी तिचं. गावात तिला सगळे 'खालची' म्हणत. पोरंसुद्धा. आर्मांदला त्याचा लहानपणी जेवढा संताप यायचा, तेवढाच आज चौऱ्याऐंशीव्या वर्षीही येत होता. तिला फार काही नको होतं. फक्त या भिंतीवर आईचं नाव हवं होतं, इतरांसारखंच निळ्या पाटीवर.

रविवारी ती गेलीच. वारसा दिनाला शहरातून गाड्या आल्या होत्या, चर्चसमोर सॉसेज भाजत होते. चाळीस वर्षं गावात टपाल वाटून निवृत्त झालेला ओनेझीम कुंडाच्या कठड्यावर बसला होता.

"आर्मांद, तुझं धुणं बघायला एवढी माणसं. जरा लाली तरी लावायचीस."

"तू तुझे मोजे काढ. निम्मी माणसं आपोआप परत जातील."

गिस्लेनने पहिल्या दगडापाशी गुडघ्यांखाली घ्यायची लाकडी पेटी मांडली होती. पेटीत ताजा पेंढा, बाजूला धोपटणं आणि तिच्या आजीची नक्षीदार चादर. आर्मांदने चादर खांद्यावर टाकली, पेटी उचलली आणि नऊही दगड ओलांडून ती छपराबाहेर गेली. दहाव्या दगडापाशी तिने पेटी ठेवली. तिला वाकता येईना तेव्हा ओनेझीमने येऊन हात दिला. माणसं मागोमाग बाहेर आली. गिस्लेनही माइक घेऊन आली, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही.

"इथे माझी आई बसायची," आर्मांद म्हणाली. हात चादरीवर आपसूक चालू लागले. "पहिल्या दगडावरच्या बाईची तीन बाळंतपणं या पाण्यातून गेली. चौथ्या दगडावरचीचा नवरा क्षयाने गेला, त्याच्या चादरी आईने थंडीत बर्फ फोडून धुतल्या. घरात सगळ्यांना ती लागायची. जन्मलेल्याला आंघोळ घालायला, मेलेल्याचे डोळे मिटायला. इथे शेजारी मात्र कोणाला नको असायची. बायका कपडे काठीच्या टोकाने सरकवायच्या तिच्याकडे. आई गेली तेव्हा तिची चादर मी याच दगडावर धुतली. त्या दिवशी वर एकही बाई आली नाही. सोमवार होता. धुण्याचा वार."

तिने मान वर केली. कोणीतरी मान खाली घालेल, निदान कोणीतरी चिडेल, असं तिला वाटलं होतं. टाळ्या पडल्या. एका बाईने डोळे टिपले आणि त्याच हाताने फोटो काढला. ओनेझीम तेवढा आपल्या बुटांकडे बघत होता. चौथा दगड त्याच्या आईचा होता.

गर्दी सॉसेजकडे वळल्यावर गिस्लेन जवळ आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"आर्मांदबाई, काय सांगितलंत हो. अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी दोनदा करू, अकराला आणि तीनला. फक्त कोणता दगड कोणाचा, तेवढं गाळा. घरची माणसं दुखावतात. आणि हो, इथेही पाटी लावू."

"यादी छपरापर्यंतचीच आहे ना?"

"ते मी बघते. लोकांना हेच जास्त आवडलं." तिने फाइल उघडली, पेनाचं टोपण दातांनी काढलं. "काय नाव होतं हो त्यांचं?"

नाव आर्मांदच्या अगदी ओठांवर आलं होतं. वसंतापासून ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने चादरीला दोन पीळ घातले, पाणी निथळू दिलं आणि ओनेझीमचा हात धरून उभी राहिली.

"तिला नाव नव्हतं," ती म्हणाली.

"असं कसं?"

"असतं तर तुझ्या आजीने एकदा तरी हाक मारली असती."

ओली चादर तिने गिस्लेनच्या हातांत दिली आणि काठाकाठाने चढ चढू लागली. गिस्लेन एका हाताने चादर, दुसऱ्या हाताने फाइल सावरत ओनेझीमकडे वळली.

"तुम्हाला तर माहीतच असेल. गावातलं एकूण एक नाव तुम्हाला पाठ."

ओनेझीमने टोपी काढली. बराच वेळ तो आठवत राहिला, मग टोपी तशीच हातात धरून चढावरच्या आर्मांदच्या पाठीकडे बघू लागला.

"तिला कधी पत्र आलं नाही," तो म्हणाला.