कोकरेवाडीची पहिली गाडी

"काच तरी पुसू द्या, न्हाईतर देवाच्याच भरवशावर न्यावी लागंल गाडी," नानासो ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. समोरची अख्खी काच भंडाऱ्याने पिवळी झाली होती.

"मग रोज कुणाच्या भरवशावर नेतुयास?" केरबा पुजारी खालून म्हणाला आणि त्याने मुठीतला उरलेला भंडाराही उधळला. ढोल कडाडले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

कोकरेवाडीत आज पहिल्यांदा एसटी आली होती. म्हसवडच्या अलीकडचा हा माळ, मेंढरं पाळणाऱ्यांची वस्ती. डांबरी सडक यायलाच कितीतरी वर्षं गेली, आणि सडकेवरून गाडी यायला आणखी कितीतरी. बाजाराचा दिवस बघून आगाराने आजचा मुहूर्त धरला होता. गाडीच्या तोंडाला आंब्याचे टहाळे, टपापर्यंत झेंडूच्या माळा. नानासोच्या डोक्यावर गावाने फेटा चढवला होता. दारात खाकीतली कंडक्टर प्रांजल उभी होती, खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवून. ती याच वाडीची लेक. ही ड्यूटी तिने आगाराच्या साहेबांकडून मागून घेतली होती.

या गाडीसाठी तिचा बाप, कोंडीबा, आगाराचे खेटे घालून घालून म्हातारा झाला. दर वेळी परत आला की एवढंच सांगायचा, "येनार म्हनत्यात." फाल्गुनात तो गेला. वैशाखात गाडी आली.

"चला, बसून घ्या सगळ्यांनी," तिने हाक दिली.

केरबा एकटाच चढला. पहिल्या सीटवर त्याने बिरोबाचा रुमाल अंथरला, त्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि खाली उतरला. मग खालच्या सगळ्यांनी हात जोडले. गाडीत कुणी चढेना.

"आवं आज्जा, बसा की."

"आज न्हाई पोरी. आजची गाडी देवाची. पहिली धार देवाची, पहिलं कोकरू देवाचं. मग गाडीचं काय येगळं हाय व्हय? आमी उद्याच्याला येतू."

"आन् आज बाजाराला कसं जाणार?"

"जातू की, गाडीच्या मागनं. चालत, वाजवत."

सगळ्यांच्या हातात बाजाराच्या पिशव्या होत्या. अंगावर ठेवणीतले कपडे होते. सकाळी साहेब प्रांजलला म्हणाले होते, आज गाडी रिकामी परत आली तर उद्या पाठवणार नाही. मागणाऱ्या वाड्या पुष्कळ आहेत. तिने ते केरबाला जसंच्या तसं सांगितलं.

"रिकामी कशी? देव बसलाय की आत."

"देवाचं तिकीट मशीन काढत न्हाई, आज्जा."

"काढलं असतं तर आमची एक बी फेरी तोट्यात गेली नसती," नानासो म्हणाला. खसखस पिकली, पण पाऊल कुणाचंच हललं नाही. केरबाच्या चेहऱ्यावर हट्ट असता तर ती भांडली असती. तिथे नुसता आनंद होता, आणि त्याच्याशी कसं भांडायचं ते तिला कळेना.

"ताई, निघावं लागंल आता," नानासो हळूच म्हणाला. तिने बेलच्या दोरीला हात घातला.

"थांब गं."

गर्दीच्या पाठीमागून तिची आई येत होती. हरणाबाई सकाळपासून मेंढरांच्या वाड्याशी उभी होती. नवरा जाऊन तीन महिनेही झाले नाहीत, अशा बाईने मंगल कामात पुढे यायचं नसतं. तिला कुणी तसं म्हणालं नव्हतं, आणि ये असंही म्हणालं नव्हतं. प्रांजलही नाही. आता तिच्या हातात पिशवी होती. लोक बाजूला सरले. ढोल थांबले.

"हरणे, तू?" केरबाचा आवाज खाली आला. "पहिल्या फेरीला?"

"पहिला देव बसलाय न्हवं? मी दुसरी." तिने पायरीवर पाय ठेवला आणि वळली. "आवं तात्या, पहिली धार आपून भुईवर सोडतू. मग सगळी चरवी बी वततू व्हय भुईवर? उरल्यालं दूध लेकरास्नीच पाजतू न्हवं? धार देवाची, चरवी न्हवं. त्येचं शीट त्येला दिलं. बाकीची गाडी कुणासाठी आणली आमच्या ह्यांनी?"

केरबाने टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"आयला," तो म्हणाला, "बराबर हाय की." मग ढोलवाल्यांवर खेकसला, "बघता काय रं? चढा. न्हाईतर म्हातारी सगळ्या जागा धरंल."

वाडा उघडल्यावर मेंढरं सुटावीत तशी माणसं दारावर कोसळली. पिशव्या, पोरं, ढोल, एक कोंबडीसुद्धा आत आली. देवाचं सीट तेवढं सोडून इंचभर जागा उरली नाही. नानासो काच पुसता पुसता हसत होता. प्रांजल जरा जास्तच मोठ्याने ओरडली, "पुढं सरका, पुढं सरका." आणि तिने डबल बेल दिली.

पहिलं तिकीट तिने आईचं काढलं.

"कुठलं देऊ?"

"जिथवर जाती तिथवरचं."

खिडक्यांतून वारा भरारत आला. मागे पोरांनी चांगभलंचा गजर केला. गाडी चढाला लागली. हरणाबाईने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. जन्मभर ती मेंढरांमागे चालली होती.

"बसलीया खरी, पर पाय चालत्यातच वाटतंय," ती म्हणाली. मग एकदम खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्यो धोंडा बघ. आगाराला जाता-येता तुजा बाप हितं टेकायचा, दम खायाला."

प्रांजल वाकली, पण तोवर धोंडा मागे गेला होता.